चढावर ई-सायकलची मोटर मध्येच बंद पडते? आधी स्क्रीन बघा

वडकी मागे पडली, पुणे-सासवड रस्त्यावरच्या दिवे घाटाचं पहिलं मोठं वळण आलं, की माझ्या सायकलची मोटर गप्प व्हायची. आवाज नाही, धूर नाही, जळका वास नाही. पाठीवर हात ठेवून ढकलणाऱ्याने न सांगता हात काढून घ्यावा, तसं. कडेला दोन-तीन मिनिटं थांबायचं, बटण दाबायचं, पुन्हा निघायचं. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. हडपसरच्या गर्दीत किंवा सासवडच्या बाजारात मात्र काहीही तक्रार नाही. आणि दुकानात नेली की पाहुण्यांसमोर शहाणं होणाऱ्या पोरासारखी चालायची.

हे दुखणं मागच्या पावसाळ्यात सुरू झालं आणि पाचेक महिने टिकलं. तेवढ्यात मी एक कंट्रोलर (बॅटरीची वीज मापून मोटरला देणारी डबी) बदलला, एक थ्रॉटल (हँडलवरून मोटरचा वेग वाढवायची कळ) बदलला, दोन्ही पैसे पाण्यात. शेवटी मूळ सापडलं तेव्हा कळलं की दोष एक नव्हता, दोन होते, आणि मी दोघांना ‘चढावर बंद पडते’ या एकाच नावाने हाक मारत होतो. दुकानदारालाही तेवढंच सांगत होतो. मग तो तरी काय करणार, त्याच्या अनुभवात जे जास्त वेळा बिघडतं ते त्याने बदललं.

सायकल अगदी साधी आहे. मागच्या चाकात २५० वॉटची गिअरवाली हब मोटर, खालच्या दांडीवर सरकवून बसवायची ३६ व्होल्ट, १०.४ अँपिअर-तासांची बॅटरी, १५ अँपिअरचा कंट्रोलर, मागे सात गिअर. बाजारातल्या निम्म्या ई-सायकली थोड्याफार फरकाने अशाच असतात, त्यामुळे खालचं बरंचसं तुमच्याही सायकलीला लागू पडेल. क्रँकपाशी, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या मुळाशी, मोटर असेल तर वायरी आणि सेन्सर वेगळे, पण बॅटरीचा भाग तोच.

स्क्रीन विझली की चालू राहिली?

मोटर थांबते त्या क्षणी हँडलवरची स्क्रीन विझते, की आकडे दाखवत राहते? पाना हातात घेण्याआधी एवढं एक ठरवा. विझली, म्हणजे वीजच तुटली: बॅटरी, बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट, बॅटरी बसते तो डॉक किंवा मुख्य वायर. चालू राहिली, म्हणजे वीज पोचते आहे, पण कंट्रोलरला मोटर फिरवायची नाही: ब्रेकचा स्विच, पेडलचा सेन्सर, मोटरचा प्लग किंवा कमी व्होल्टेज. या एका उत्तराने निम्मे संशयित सुटतात.

ऐकायला सोपं आहे. पण मला विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की स्क्रीन चालूच असते. सकाळी नऊच्या उन्हात ती करडी स्क्रीन विझलेली आणि चालू जवळजवळ सारखीच दिसते. शिवाय मागून ट्रक कर्कश हॉर्न देत असताना कोण स्क्रीनकडे बघत बसतो? बघूही नये. मी शेवटी मोबाइल हँडलच्या क्लिपमध्ये स्क्रीनकडे तोंड करून लावला, व्हिडिओ सुरू केला आणि घाट चढलो. घरी येऊन चहा घेत बघितलं. तीन वेळा मोटर थांबली होती आणि तिन्ही वेळा स्क्रीन कोरी पडली होती. कंट्रोलर आणि थ्रॉटल निर्दोष होते हे तेव्हा कळलं, दोघांना घराबाहेर काढून तीन महिने झाल्यावर.

मोबाइल लावायचा नसेल तर दुसरी युक्ती: सायकलचा पुढचा दिवा मुख्य बॅटरीवर चालत असेल तर संध्याकाळी तो लावून चढा. मोटरबरोबर दिवाही गेला तर वीज तुटली असं समजा.

स्क्रीन चालू आहे, मोटर थांबते

हा सोपा आणि स्वस्त गट आहे. सुरुवात स्वतःच्या बोटांपासून करा. घाटात बाजूने वाहन गेलं की आपली दोन बोटं आपोआप ब्रेकच्या दांडीवर जातात. ई-सायकलच्या ब्रेकच्या दांडीत एक छोटा स्विच असतो. दांडी जराशी दाबली गेली तरी तो मोटर बंद करतो. ब्रेकचं पॅड चाकाला लागण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे ब्रेक लागत नाही, पण मोटर जाते. मागचं चाक उचलून मोटर फिरवा आणि दांडी अगदी हळू ओढून बघा, नेमकी कुठे बंद होते ते. पावसाळ्यानंतर माती अडकून किंवा केबल गंजून दांडी पूर्ण परतच येत नाही, तेव्हाही हेच होतं. मोबाइलचा होल्डर किंवा घंटी दांडीला टेकत असली तरी मोटरचं चालू-बंद सुरू होतं. संशय पक्का करायचा तर त्या स्विचचा प्लग काढून मोकळ्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारा. दोष गेला तर स्विच बदला, पण प्लग काढून तसंच रोज हिंडू नका. घाईत ब्रेक दाबला आणि मोटर ढकलतच राहिली तर काय होतं, ते अनुभवायची गरज नाही.

दुसरी गोष्ट गिअरची. साध्या ई-सायकलींना पाय किती जोर लावतात ते कळत नाही, फक्त पेडल फिरतंय का एवढंच कळतं. क्रँकपाशी चुंबक बसवलेली एक चकती असते, शेजारी सेन्सर. चुंबक समोरून जात राहिले की मोटर चालते. आता तुम्ही वरच्या गिअरमध्ये दात-ओठ खात चढ चढताय. पेडल इतकं संथ फिरतं की दोन चुंबकांमधला वेळ लांबतो आणि सेन्सरला वाटतं, गडी थांबला. मोटर बंद. उपाय फुकटचा आहे: वळण यायच्या आधी खालचा गिअर टाका आणि पाय भरभर फिरू द्या. चकती सरकून सेन्सरपासून लांब गेली असेल तरी असंच होतं. मधलं अंतर दोन-तीन मिलिमीटरच्या आत असावं आणि मध्ये चिखल नसावा.

तिसरी गोष्ट पंक्चर. दोष मागचं पंक्चर काढल्यानंतर सुरू झाला का, हे आठवून बघा. मागचं चाक काढायचं तर मोटरचा प्लग काढावा लागतो. आमच्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या मामांना मी एकदा म्हटलं, “मामा, वायर जपून हं.” तर म्हणाले, “वायर काढल्याबिगर चाक निघतंय व्हय?” काढली त्यांनी नीटच, पण लावताना अर्धीच गेली. या प्लगवर दोन्हीकडे बाण असतात. बाणासमोर बाण धरायचा आणि प्लगवरच्या खुणेच्या रेषेपर्यंत सरळ दाबायचा. पिळायचा अजिबात नाही, आतल्या बारीक पिना वाकतात. प्लग अर्धवट बसला की मोटर एकदम बंद पडण्याऐवजी गचके देते, घरघरते, जोर लावला की थरथरते. ही खूण ओळखायला सोपी आहे. त्याच वेळी ॲक्सलचे नट, बहुतेक वेळा १८चा पाना लागतो, आवळले आहेत ना बघा. ते सैल राहिले तर मोटर चाकाऐवजी स्वतःचा ॲक्सलच फिरवते आणि त्यातून येणारी वायर पिळून तुटते. मग खर्च शेकड्यात राहत नाही.

या गटातलं शेवटचं कारण कमी व्होल्टेज, आणि हे समजून घेण्यासारखं आहे. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की ४२ व्होल्ट दाखवते. साधारण ३१ व्होल्टच्या खाली कंट्रोलर काम थांबवतो, बॅटरी मरू नये म्हणून. आता गंमत अशी की उभ्या सायकलचं व्होल्टेज वेगळं आणि चढावरचं वेगळं. नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून विजेला होणारा अडथळा, ०.१५ ओहम धरला तर १४ अँपिअर ओढताना २.१ व्होल्ट पडतात. ३६.५ वरून ३४.४. ठीक. तीच बॅटरी थकली, रोध ०.४ झाला, की ५.६ व्होल्ट पडतात: ३६.५ वरून थेट ३०.९. कट! तुम्ही थांबता, ओढ संपते, व्होल्टेज परत ३६ च्या घरात येतं, स्क्रीनवर तीन दांड्या पुन्हा उभ्या. “बॅटरी तर अर्धी भरलेली आहे,” असं आपण सगळ्यांना सांगत फिरतो. दांड्या चढावर असताना किती आहेत ते बघा. उभ्या सायकलच्या दांड्या म्हणजे पगाराच्या दिवशीचं पासबुक.

स्क्रीन विझते: माझं पहिलं दुखणं

विझणारी स्क्रीन असेल तर पुढचा प्रश्न: खड्ड्यात विझते की जोर पडल्यावर? व्हिडिओत माझे तीनपैकी दोन कट घाटाच्या रुंदीकरणाच्या कामातल्या उखडलेल्या पट्ट्यावर होते. खडखडाट, आणि स्क्रीन कोरी. तिसरा मात्र गुळगुळीत डांबरावर, चढ सगळ्यात तीव्र होता तिथे.

आधी खडखडाटाचं बघितलं. बॅटरीचा स्विच बंद केला, किल्ली फिरवली, बॅटरी डॉकमधून सरकवून काढली आणि टॉर्च मारला. डॉकमध्ये दोन चपट्या पिना असतात. एक पितळी पिवळी होती. दुसरी तव्याच्या बुडासारखी काळी, आणि तिच्या मुळाशी प्लॅस्टिक भाजलेल्या पापडाच्या कडेसारखं फुगलेलं. बॅटरी जागेवर असताना हलवली तर दोनेक मिलिमीटर इकडेतिकडे होत होती. म्हणजे दर खड्ड्याला पिन क्षणभर सुटत होती, ठिणगी पडत होती, ठिणगीने काजळी धरत होती आणि काजळीने पकड आणखी खराब होत होती.

हे चक्र दिसतं त्यापेक्षा धोक्याचं आहे. समजा काजळीमुळे त्या सांध्याचा रोध ०.१ ओहम झाला. १४ अँपिअर वाहताना तिथे जवळजवळ २० वॉट उष्णता तयार होते. म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नएवढी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या डबीत, लिथियम बॅटरीला चिकटून. चढ संपल्यावर डॉकजवळ हात लावून बघायची सवय ठेवा. कोमट चालेल. चटका बसत असेल तर त्या दिवशी मोटर बंद ठेवूनच घरी या.

डॉकच्या बाजूच्या पिना बॅटरी बाहेर काढून, हजार नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासल्या, मग स्पिरिटने पुसल्या. बॅटरीच्या बाजूच्या खाचांत मात्र काहीही धातूचं घालायचं नाही, सुई नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही. तिथे वीज जिवंत असू शकते आणि दोन खाचांमध्ये अंतर जेमतेम बोटभर. फुगलेला डॉक मी नंतर बदलूनच टाकला; तो घासून सुधारण्यातला नव्हता. बॅटरीचं हलणं थांबवायला जुन्या ट्यूबची पट्टी कापून रुळावर चिकटवली. आता बॅटरी बसवताना जरा जोर लावावा लागतो, आणि ते बरंच आहे.

एक सवय बदलली. आधी मी बॅटरीचा स्विच चालू ठेवूनच ती आत सरकवायचो आणि ‘टच्’ असा आवाज यायचा. तो आवाज ठिणगीचा. कंट्रोलरमधले वीज साठवणारे कपॅसिटर एकदम भरतात आणि पिनेच्या टोकाला दरवेळी एक बारीक खळगा पडतो. बॅटरी बसवताना आणि काढताना स्विच बंद ठेवा, एवढंच.

पावसाळ्याचं थोडं. बॅटरी डॉकमध्ये असते तोवर सहसा काही होत नाही. पाणी शिरतं ते पावसात बॅटरी काढून घरात नेताना, उघड्या डॉकमध्ये. दुधाची पिशवी धुऊन वाळवून ती डॉकवर रबर बँडने लावतो मी. दिसायला भिकार, कामाला पक्की. आणि मोटरकडे जाणाऱ्या वायरीला आत शिरण्याआधी खाली झोळ हवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. वायर वरून सरळ खाली ॲक्सलमध्ये शिरत असेल तर पाणीही तिच्याबरोबर आत जातं. सायकल प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, वॉशिंग सेंटरवाला कितीही आग्रह करो.

आणि दुसरं

डॉक बदलल्यावर दोन आठवडे सायकल मस्त चालली. मी दोघा-तिघांना पार्टीही दिली. मग एका सोमवारी, गुळगुळीत रस्त्यावर, तीव्र चढाला, स्क्रीन कोरी. तिसरा कट राहिलाच होता.

खड्डा नाही, फक्त जोर. म्हणजे बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट वीज तोडतंय. ते का तोडेल? माझ्या बॅटरीत ४० सेल आहेत: चार-चार सेलांचे दहा गट, गटातले चार एकमेकांना समांतर, आणि दहा गट एकामागे एक. सर्किट दहाही गटांवर स्वतंत्र नजर ठेवतं. नऊ गट धडधाकट असले आणि एकच ढेपाळला, तरी ते अख्ख्या बॅटरीला कुलूप लावतं. कंट्रोलरला एकूण व्होल्टेज दिसतं, तो म्हणतो सगळं ठीक. आतलं सर्किट म्हणतं एकाचा जीव चाललाय. म्हणून स्क्रीनसकट सगळं जातं.

हे घरी ताडायला साधा दोन-तीनशेचा मल्टिमीटर पुरतो. बॅटरी रात्रभर नव्हे, दिवसा, पूर्ण चार्ज करा. चार्जरचा दिवा हिरवा झाला की चार्जर काढून अर्ध्या तासाने चार्जिंगच्या तोंडाशी व्होल्टेज मोजा. ४१.८ ते ४२ आलं तर छान. माझं ४१.२ आलं. दिवा हिरवा, पण बॅटरी पूर्ण भरलेली नाही, कारण गट एका रेषेत नव्हते; एक गट आधी काठोकाठ भरला की सर्किट चार्जिंगच थांबवतं, बाकीचे मागे राहतात. नुसता असमतोल असेल तर कधी कधी उपाय असतो: हिरव्या दिव्यानंतरही चार्जर काही तास लावून ठेवायचा. भरलेल्या गटांतली वीज सर्किट थेंब थेंब जिरवतं आणि मागचे पुढे येतात. मी तीन रविवार, समोर पेपर वाचत बसून, हे केलं. आकडा ४१.७ पर्यंत चढला. घाटात मात्र काही फरक नाही, तिसऱ्या वळणावर कट. असमतोल कमी झाला होता, अशक्तपणा नव्हे.

मग नाना पेठेतल्या एका बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याने माझ्यासमोर डबा उघडला, बल्बचं ओझं लावलं आणि गट एकेक मोजले. ३.६, ३.६, ३.५९... आठव्या गटावर काटा २.९ वर आला. ओझं काढलं की तो गटही ३.५ वर. “यातला एक सेल कधीच गेलाय,” तो म्हणाला. “बाकी तिघं त्याचं ओझं वाहतायत.” जोडपट्टीचा टाका एका सेलवरून सुटला होता, वर बारीक गंजही. चारांचा गट तिघांवर चालला होता. म्हणजे १०.४ अँपिअर-तासांचा नव्हे, ७.८ चा. बाकीचे नऊ कितीही भरलेले असोत, बॅटरी संपणार ती याच्यापाशी.

दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, ते आपण दरवर्षी बघतो. त्यातला एक बैल लंगडला तर बाकीच्यांनी कितीही ओढून रथ त्याच्या चालीनेच चढणार. मला तरी गटाचं गणित त्यावरून समजलं.

टाका पुन्हा मारून द्या, असं मी म्हटलं. त्याने मारलाही असता. पण राहिलेले तीन सेल महिनोनमहिने जादा ओझ्याखाली दमलेले, सुटलेला चौथा वेगळ्याच पातळीवर. नवा सेल जुन्यांत घातला तर तो त्यांच्याशी जुळत नाही आणि काही महिन्यांत दुसरा गट तोंड वर काढतो. मी नवी बॅटरी घेतली. जिवावर आलं, कारण सायकलच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीतच असतो. पण रोज घाट चढणाऱ्याने डागडुजी केलेली लिथियम बॅटरी दोन मांड्यांमध्ये घेऊन फिरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि डबा घरी उघडायचा तर विचारही नको. चाळीस सेलांना बंद करायचं बटण आतमध्ये नसतं. हातातली अंगठी दोन पट्ट्यांना टेकली तरी पुरे.

चार्जरचंही सांगून टाकतो, कारण शेजारच्या इमारतीत हा प्रकार थोडक्यात टळला. घरात दोन ई-सायकली असतील, एक ३६ ची आणि एक ४८ ची, तर चार्जरची गोल पिन पुष्कळदा सारखीच असते. ३६ चा चार्जर ४२ व्होल्ट देतो, ४८ चा ५४.६. तो चुकून ३६ च्या बॅटरीला लागला आणि आतलं सर्किट वेळेवर जागं झालं नाही, तर आग. चार्जरवर आणि बॅटरीवर एकाच रंगाचा ठिपका द्या, नेलपॉलिश चालतं. चढ चढून आल्या आल्या चार्जिंग लावू नका, अर्धा तास बॅटरी निवू द्या. आणि जिन्यात, दाराच्या वाटेवर चार्जिंग नको. काही झालंच तर पळायची वाट तीच असते.

न करण्याचे उपाय

कोणी ना कोणी भेटतोच, जो म्हणतो, स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन कट-ऑफचं व्होल्टेज खाली आण. कट थांबतो, खरं आहे. आणि कमकुवत गट शून्याकडे ढकलला जातो. दुसरा म्हणतो, २५ अँपिअरचा कंट्रोलर टाक, घाट उडत चढशील. ओढ वाढली की व्होल्टेज आणखी पडणार, म्हणजे आहे तोच रोग बळावणार. हब मोटरमधले नायलॉनचे गिअरही अशा जोरासाठी नसतात. शिवाय आपल्याकडे लायसन आणि नंबर प्लेटशिवाय ई-सायकल चालते, ती २५० वॉटच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत आहे म्हणूनच. ती मर्यादा ओलांडली की ती सायकल राहत नाही.

त्यापेक्षा ओढच कमी करा. हिशेब सोपा आहे. मी, सायकल आणि पिशवी मिळून शंभर किलो. शंभर मीटरला सहा मीटर चढणारा रस्ता ताशी १२ किलोमीटरने चढायचा तर नुसतं वजन उचलायला १९६ वॉट लागतात. ताशी १८ ने चढायचा तर २९४. पाय शंभरेक वॉट देऊ शकतात, तासभर, घाम गाळून. म्हणजे सावकाश चढताना मोटरकडून निम्मंच काम मागितलं जातं. मात्र फार हळूही नको. चाक कूर्मगतीने फिरताना हब मोटर खाल्लेल्या विजेची बरीचशी उष्णताच करते. मी आता मोटरच्या मदतीच्या पाचपैकी तिसऱ्या पातळीवर, दुसऱ्या गिअरमध्ये, बारा-तेराच्या वेगाने चढतो. थांबून पुन्हा निघताना आधी पेडल, मग मोटर. उभ्या चढावर नुसत्या थ्रॉटलने सायकल उठवणं हा बॅटरीवरचा सगळ्यात मोठा झटका असतो.

सहलीला निघणाऱ्यांसाठी हाच हिशेब वेगळ्या रूपात: शंभर किलो वजन शंभर मीटर उंच न्यायला २७ वॉट-तास लागतात. मोटरची उधळपट्टी धरली तर बॅटरीतून चाळीसच्या आसपास जातात. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढायचं म्हणजे साधारण १३०० मीटर. नुसतं वजन उचलायलाच ३५० वॉट-तास, उधळपट्टी धरून पाचशेच्या वर, आणि माझी अख्खी बॅटरी ३७४ ची. म्हणजे कागदावरसुद्धा पायांच्या मदतीशिवाय ती पोचत नाही. ‘६० किलोमीटर रेंज’ हे वाक्य सपाट रस्त्यावर, हलक्या स्वारासाठी लिहिलेलं असतं. वाटेत जेवायला जिथे थांबाल तिथे चार्जिंगला प्लग मिळेल का, हे आधीच विचारून ठेवा. दोन अँपिअरच्या चार्जरने तासाभराच्या जेवणात बॅटरीचा पाचवा हिस्सा भरतो, त्याहून जास्त नाही.

बंद पडलीच तर

घाटात मोटर जाते तेव्हा दुरुस्तीपेक्षा रस्त्यावरून बाजूला होणं महत्त्वाचं. चोवीस किलोची सायकल दोन सेकंदांत चालण्याच्या वेगावर येते आणि डगमगायला लागते. मागचा टेम्पोवाला तुमचा आधीचा वेग धरून येत असतो. म्हणून चढावर नेहमी असा गिअर ठेवा की मोटर गेली तरी पायांनी सायकल पुढे जात राहील. स्क्रीनकडे बघू नका, बटण शोधू नका, आधी डावीकडे पांढऱ्या रेषेच्या बाहेर या. वळणाच्या आतल्या बाजूला थांबू नका, तिथे तुम्ही कोणालाच दिसत नाही.

आणि मागचा लाल दिवा मुख्य बॅटरीवर ठेवू नका. हे मला एका डिसेंबरच्या संध्याकाळी कळलं. झेंडेवाडीच्या अलीकडे कट आला आणि मोटरबरोबर पुढचा दिवा, मागचा दिवा, सगळंच विझलं. सगळ्यात हळू आणि सगळ्यात अदृश्य, एकाच क्षणी. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या सेलवर चालणारा दिवा सीटच्या खाली लावला.

नव्या बॅटरीला आता चार महिने झाले. पूर्ण चार्जला ४१.९, चढावर सगळ्यात खाली ३५.

परवा वडकीच्या पुढे त्याच वळणावर मोटर पुन्हा थांबली. काळजात धस्स झालं. डावीकडे घेतलं, थांबलो, स्क्रीनवर हाताची सावली धरली. आकडे चालू होते. मग खाली बघितलं, तर दोन बोटं ब्रेकवर.